लोकरीला विटाळ नाही

माझी नातसून मेधा फार गोड बोलते, आणि गोड बोलणाऱ्या माणसांचं माझ्याशी फारसं जमत नाही. परवा मी तिच्या होणाऱ्या बाळासाठी विणायला घेतलेला स्वेटर तिने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "आजी, बटणं नको ना लावू. तुटून बाळाच्या तोंडात जातात, डॉक्टर सांगतात. त्यापेक्षा बांधायचे बंद लाव, छान दिसतात." मी म्हटलं, "बंद मी लावत नाही." "का गं?" "नाही लावत म्हणजे नाही लावत." ती बिचारी आत गेली. माझा मुलगा वसंता पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "आई, जरा सरळ बोलत जा." तो आता साठीच्या घरात आलेला माणूस; पण बंदाचं कारण त्यालाही ठाऊक नाही. सरळ बोलायचं तर पंचवटीतल्या त्या स्वयंपाकघरापर्यंत मागे जावं लागेल, आणि इंदिरानगरच्या या गुळगुळीत फरशीवर बसून ते कुणाला तोंडाने सांगणं मला जमणार नाही. म्हणून लिहिते. सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा अपेक्षाभंग नको. माझ्या सासूबाईंना मी क्षमा केलेली नाही. त्यांच्या तसबिरीला मी सणावारी हार घालते, तो रीत म्हणून घालते.

आमचं घर रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तीर्थोपाध्याय. खानदेश-वऱ्हाडातली त्यांची यजमान घराणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. कुणी अस्थी घेऊन येई, कुणी श्राद्धाला, कुणी नुसतं गोदेत बुडी मारायला. आणि आलेलं माणूस आमच्याच माडीवर उतरे, आमच्याच पंक्तीला जेवे. दहा पानं म्हणजे रोजचंच. पर्वणी असली की तीस-चाळीस. पहाटे कुंडाच्या पायऱ्यांवर घागरी आपटल्याचा आवाज सुरू झाला की आमच्या घरात पाट्यावर डाळ वाटायला बसायचंच. अळूची भाजी, वरण, खीर, श्राद्धाचे वडे. त्या वड्यांच्या तळणीचा वास माझ्या केसांतून कधी गेलाच नाही असं मला वाटतं. लोक त्या घराला पुण्यवान म्हणत. मी तिथे बागलाणातल्या सटाण्याहून आले, पंधराव्या वर्षी. माझ्या बोलण्यात कधीमधी बागलाणी हेल यायचा, त्यावरून सासूबाईंनी माझं नाव मथुरा असताना मला पहिलं वर्षभर 'बागलाणी' अशीच हाक मारली. चार माणसांत मारली म्हणजे त्यांना विशेष आनंद व्हायचा.

सोवळं म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. आंघोळ करायची, आदल्या दिवशी उंच दांडीवर काठीने वाळत घातलेलं लुगडं काठीनेच खाली काढून नेसायचं, आणि मग स्वयंपाक, नैवेद्य, पंगत उठेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही सुती कपड्याला, अंथरुणाला, असल्या कपड्यातल्या माणसाला शिवायचं नाही. सुताला विटाळ असतो. रेशमाला आणि लोकरीला नसतो. तान्ह्या पोरालाही नसतो, पण त्याच्या अंगातल्या झबल्याला असतो. म्हणजे सकाळी चुलीपुढे बसलेल्या आईला पोर अंगावर घ्यायचं असेल तर पोर उघडं हवं. हा नियम सासूबाईंनी काढला नव्हता, हे मी मान्य करते. पण नियम पाळून घेताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते मात्र त्यांचं स्वतःचं होतं. माझी पहिली मुलगी यमू आठ महिन्यांची होती तेव्हा नदीवरून असा वारा यायचा की तांब्यातलं पाणी हाताला झोंबायचं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मामंजींची जुनी लोकरीची धाबळी घालून तिच्यावर यमूला बसवायचं. धाबळी घोंगडीसारखी खरखरीत. गुंडाळली की पोरीच्या अंगावर पुरळ उठे आणि ती पाय झाडून मोकळी होई. हातातलं काम टाकून तिला पुनःपुन्हा गुंडाळत बसायची मुभा मला नव्हती. धुराने डोळे चुरचुरत, समोरून चुलीची ऊब आणि पाठीला गार वारा, अशी ती पोर दुपारपर्यंत तिथे उघडी असे, आणि मी ओढून जवळ घेतली की तिची पाठ माझ्या हाताला गार लागे.

पौषात तिची छाती भरली. वैद्यांनी मात्रा दिली, कुणी कोरफडीचा रस सांगितला, कुणी राईचं पोटीस. तिसऱ्या दिवशी गेली. सासूबाई म्हणाल्या, "देवाची होती, देवाने नेली." मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि देवावर माझा पूर्ण विश्वास होता, तरी मला त्या क्षणी वाटलं की नेली ती थंडीने, आणि थंडीला आत कुणी घेतलं ते या घरात सगळ्यांना माहीत आहे. बोलले मात्र काही नाही. तान्ह्या पोराचं सुतक थोडकंच. बारा दिवसांच्या आत माडीवर नवे यजमान उतरले आणि डाळ वाटायला मी पाट्यावर बसले.

हे, म्हणजे माझे पती, मनमाडला रेल्वेच्या मालगोदामात कारकून होते. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येत, सोमवारी पहाटे जात. मला मनमाडला बिऱ्हाड करू द्यायला सासूबाईंची साफ ना होती. रेल्वेच्या चाळीत सगळे एका नळावर, तिथे कसलं सोवळं, असं त्यांचं म्हणणं. खरं कारण असं की चुलीपुढे बसायला दुसरं माणूस नव्हतं. पण त्या वर्षी पावसाळा सरता सरता ह्यांना हिवताप आला आणि तो काही केल्या हटेना. तेव्हा मामंजींनी पहिल्यांदाच बायकोचं न ऐकता टांगा बोलावला आणि मला स्टेशनवर नेलं. गाडीत खिडकीशी बसून मी डब्यातली दशमी खाल्ली. कुणी शिवलं, कुणी नाही, याचा हिशेब नाही. मला पुन्हा दिवस गेलेले होते आणि नाशिक मागे पडत होतं, आणि मला चक्क भूक लागली होती.

मनमाडच्या चाळीत शेजारी एका गार्डाची बायको राहत होती, मार्थाबाई. शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीतल्या, मिशनच्या शाळेत शिकलेल्या, मराठी माझ्याहून शुद्ध. दिवसभर त्यांच्या हातात दोन सुया आणि लोकर. ह्यांना काढा देऊन झाला की मी दारात उभी राहून बघे. एक दिवस त्यांनी विचारलं, "वहिनी, पहिलंच का हो?" मी म्हटलं, दुसरं. पहिलं कसं गेलं ते त्यांनी इतकं सरळ विचारलं की मीही सांगून बसले, सोवळ्यासकट. त्या विणता विणता थांबल्या. "म्हणजे तुमचा देव म्हणतो, थंडीत पोर उघडं ठेवा?" मला त्यांचा असा संताप आला की मी घरात येऊन दार लावून घेतलं. आमच्या देवाला बोलणाऱ्या या कोण? दोन दिवस मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पण दार लावून घेतलेल्या त्या खोलीत माझ्या डोळ्यांपुढून त्या विणत होत्या ते बाळाचं झबलं हलेना. गुंडाळायचं नाही, घालायचं, पोराने पाय झाडले तरी निघत नाही, मऊ. आणि लोकर. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात गेले आणि विचारलं, "ही लोकर अस्सल आहे ना? सुताची भेसळ नाही ना?" त्या म्हणाल्या, "जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला की लोकर." मी जाळून पाहिली. वास आला.

विणायला मी रागारागाने शिकले. सुया म्हणजे सायकलच्या चाकातल्या तारा, गार्डसाहेबांनी घासून टोकदार केलेल्या. एक सुलट, एक उलट. टाका गळला की मार्थाबाई सबंध ओळ उसवायला लावत. "देवाचं तुम्ही बघून घ्या," म्हणायच्या, "टाका गळू देऊ नका." मी परत निघाले तेव्हा ह्यांचा ताप उतरला होता आणि माझ्या ट्रंकेत पांढऱ्या लोकरीच्या सहा लड्या होत्या. मार्थाबाईंचे आभार मानायचे मला सुचले नाहीत. पुढे सुचले, तोवर गार्डसाहेबांची बदली होऊन त्या भुसावळकडे गेल्या होत्या.

ज्येष्ठात माहेरी सटाण्याला वसंता झाला. बाळंतपणातही माझ्या हातात सुया. मला न्हाऊ घालायला येणारी म्हातारी रोज विचारी, "काय करी ऱ्हायनी वं माय, हाई काय शे?" मी म्हणे, चिलखत विणते. दोन बंड्या, दोन विजारी, एक कुंची. बंडीला पुढून उघडायची सोय म्हणून बंद न करता शिंपल्याची लहान बटणं लावली. लोकर जाड, ती बटणाच्या भोकातून जाईना. तेव्हा आईच्या डब्यातला सुई-दोरा घेतला आणि बटणं शिवून मोकळी झाले. दिवाळीच्या आधी नाशिकला आले आणि पहिल्या थंड सकाळी वसंताला नखशिखांत लोकरीत घालून स्वयंपाकघरात आणून ठेवला.

सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. "हे काय मथुरे? झबल्यासकट पोर आत आणलंस?" मी म्हटलं, "झबलं नाही, लोकर आहे." "कुणी विणली?" "मी." "शिकवली कुणी?" मी सांगितलं. मग त्यांनी जो तोंडाचा पट्टा सोडला तो मामंजी देवघरातून उठून येईपर्यंत. ख्रिस्तावाचं विणकाम, मडमांचे धंदे, विलायती कपडा टाकायची लोकांना धडपड आणि आमच्याकडे सोवळ्यात विलायती लोकर. मी म्हटलं, पंजाबच्या गिरणीतली आहे. मग मामंजींकडे वळून पदर सावरून विचारलं, "लोकरीला विटाळ आहे का?" सुनेने सासऱ्याला असं समोर उभं राहून विचारायची पद्धत नव्हती. ते बिचारे बायकोकडे बघेनात, माझ्याकडेही बघेनात. शेवटी नैवेद्याच्या वाटीकडे बघत म्हणाले, "शास्त्राने लोकर शुद्धच. कुणी विणली याला महत्त्व नाही." त्या दिवशी मला मोठा विजय मिळाल्यासारखं वाटलं, आणि तो मी लपवला नाही. सासूबाई आठवडाभर माझ्याशी भांड्यांच्या आवाजाने बोलल्या.

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. वसंता कोपऱ्यात बसायला लागला, रांगायला लागला. पौष लागला तशी मी रोज त्याची पाठ चाचपून पाहायची, ऊनच असायची. सासूबाईंनी सुद्धा त्याला दोन-तीनदा मांडीवर घेऊन एका हाताने खीर ढवळलेली मी पाहिली. मला ते आवडलं नाही. यमूला त्यांनी असं कधी घेतलं नव्हतं.

त्याच पौषात वऱ्हाडातलं एक मोठं घराणं श्राद्धाला आलं. चाळीस पानं. त्यांच्याबरोबर यजमानांची आई होती, सोवळ्यात सासूबाईंच्याही वरताण. आदल्या दिवशी आमच्या विहिरीच्या दोराची सुद्धा तिने चौकशी केली होती. सकाळपासून वडे तळून परातीत रचले होते, खीर झाली होती, भात वाफेवर होता. मी पाटावर वाट्या मांडत होते. वसंताला खालचे दोन दात आले होते आणि तो सगळ्याला चावत सुटला होता. अचानक सासूबाई पळी टाकून त्याच्यावर झडपल्या, त्याच्या तोंडात बोट घातलं आणि बंडीचं बटण बाहेर काढलं. मी धावले. पोर खोकलं, रडलं, ठीक होतं. हे मला लिहायलाच हवं: त्या दिवशी त्यांनी माझ्या मुलाचा जीव वाचवला. मी वाट्यांकडे बघत होते, त्या त्याच्याकडे बघत होत्या.

पण त्यांनी बटण टाकलं नाही. बटणाला वीतभर नव्हे, दोन बोटं दोरा लोंबत होता. तो त्यांनी बोटांत फिरवला, उजेडाकडे धरला. मग चिमट्यात पकडून निखाऱ्याला लावला. भुर्रकन ज्योत आली आणि गेली. केस जळल्याचा वास नाही आला. मला तेव्हा कळलं. मी खोटं बोललेली नव्हते. सगळी बंडी लोकरीची, दोऱ्याचा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता. दिवाळीपासून रोज, प्रत्येक नैवेद्य, प्रत्येक पान. आज मी हसेन, पण त्या क्षणी मला खरंच वाटलं की आता छप्पर खाली येणार. सासूबाई इतक्या हळू बोलल्या की चुलीचा आवाज मोठा होता. "सूत आहे."

त्याच वेळी मधल्या दारातून वऱ्हाडच्या त्या म्हातारीचा आवाज आला. "स्वयंपाक झाला का वो उपाध्येकाकू? सोवळ्यातच चाललं ना सारं?" बाहेर मामंजी पिंडांची तयारी करून थांबले होते. चाळीस माणसं सकाळपासून उपाशी होती. खरं सांगायचं तर सगळं अन्न नदीत टाकायला हवं होतं, मला घराबाहेर काढायला हवं होतं, आणि मी तशी तयारीही मनाने करून चुकले होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बटण कनवटीला खोचलं. आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "झालाय हो. सोवळ्यातच आहे सगळं. पानं मांडायला सांगा." मग मला म्हणाल्या, "वाढायला घे."

मी वाढलं. वडे वाढले, खीर वाढली. म्हातारी दोनदा खीर मागून जेवली आणि इतकं शुद्ध अन्न काशीतही मिळालं नाही असं म्हणाली. छप्पर जागच्या जागी होतं. माझी भीती पानापानाला कमी होत गेली आणि तिच्या जागी दुसरंच काही चढत गेलं. शेवटचं ताक वाढलं तेव्हा तो निव्वळ राग होता.

पंगत उठल्यावर मागच्या अंगणात सासूबाई एकट्या उभ्या होत्या. त्या जेवल्या नव्हत्या. पुढे तीन दिवस त्यांनी गोमूत्र आणि पाणी यांवर काढले. मी खरकटी भांडी खाली ठेवली आणि म्हटलं, "चाळीस पानांसाठी तुमचं सोवळं गिळता आलं." त्या म्हणाल्या, "माणसं उपाशी उठवू? ह्यांची मान खाली घालायला लावू?" मी म्हटलं, "मग माझ्या यमूसाठी का नाही गिळता आलं? एक झबलं. एवढंच पांघरून बसली असती ती." मला वाटलं होतं त्या ओरडतील. मला तेच हवं होतं. दोन वर्षं साठवलेलं माझ्याकडे पुष्कळ होतं. पण त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "मला सवय होती, मथुरे. मी माझी तीन अशीच वाढवली. तू तिची आई होतीस. तू का नाही बोललीस?"

मी आत गेले, ट्रंक भरली, आणि शनिवारी हे आले तेव्हा दारातच सांगितलं की सोमवारी मी तुमच्याबरोबर गाडीत असेन. सोमवारी मी मनमाडला गेले आणि पुन्हा त्या चुलीपुढे बसले नाही. मामंजी टांग्यापर्यंत आले. सासूबाई आल्या नाहीत. पुढे त्या वीस-बावीस वर्षं जगल्या. सणावारी भेटी झाल्या, वसंतावर त्यांचा जीव होता, मी त्यांच्या पाया पडत होते. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. देवावरचा माझा विश्वास गेला असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी दिवा लावते, हात जोडते, पण काही मागत नाही. आणि लोकर म्हणून हल्ली जे मिळतं त्यात मेंढी औषधालाही नसते, जाळलं की प्लॅस्टिकसारखं वितळतं. मेधाने आणलंय ते तसलंच.

सासूबाईंना मी क्षमा केलेली नाही, हे वर लिहिलं ते खरं आहे. त्यांचा नियम, त्यांचं घर, त्यांची चूल, सगळं खरं. पण सोवळ्यातल्या बाईला पोराचं झबलं शिवता येत नाही, तेव्हा ते आंघोळीच्या आधीच काढून ठेवावं लागतं. सासूबाई माझ्या आधी उठून सोवळ्यात असत. म्हणजे यमूच्या झबल्याला त्यांनी कधी हात लावलेला नाही. रोज सकाळी, नदीवरून वारा येत असताना, त्या झबल्याचे चार बंद एकेक करून मी सोडत होते.